कापसाच्या खोलीतला पाहुणचार

हसनाबादला कुणी हिंडायला जात नाही. जालन्याहून भोकरदनच्या बाजूला जाणाऱ्या एसटीत बसायचं, दोन्ही बाजूंना कापसाची आणि ज्वारीची रानं बघत राहायचं, आणि कंडक्टरनं हाक दिली की उतरायचं. बघायला जावं असं तिथं काही नाही. मी गेले ते बाबांच्या अटीमुळे.

मला पुण्याहून हैदराबादला एम.ए.ला जायचं होतं. वसतिगृहाच्या अर्जावर पालकांची सही लागत होती आणि तो अर्ज महिनाभर बाबांच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होता. कारण माझा दमा. सात वर्षांची असल्यापासून तो माझ्याबरोबर आहे, आणि तेव्हापासून तो माझ्या वतीनं आई सांभाळते. चादरी तीच उन्हात टाकते. शेजारच्या काकूंना उदबत्ती खिडकीत लावू नका, हे तीच सांगते. शाळेत बाईंना चिठ्ठी लिहायची तर तीच, खडूच्या फळ्यापासून मला मागच्या बाकावर बसवायचं तर तीच. मला तोंड उघडावं लागलंच नाही, आणि मला ते बरंच होतं.

‘‘आईशिवाय आठ दिवस राहून दाखव,’’ बाबा म्हणाले. ‘‘आत्याकडे हसनाबादला जा. दमा सांभाळता आला तर सही करतो.’’

सांभाळणं म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी माझ्यापुरता अर्थ लावला: आठ दिवस धाप लागू द्यायची नाही. लागलीच, तर कळू द्यायची नाही. पिशवीत निळा पंप घेतला, एक जादा घेतला आणि जानेवारीतल्या एका सकाळी निघाले.

पोचले ती दुपार

आत्याचं घर गावाच्या कडेला आहे. दोन खोल्या जुन्या, दगडमातीच्या, वर मातीचं सपाट छत, म्हणजे माळवद. त्यांना लागून एक नवी स्लॅबची खोली, गुलाबी ऑइलपेंटची. पुढे लांबलचक ओसरी. आत्या, मामा (आत्याच्या यजमानांना आम्ही मामाच म्हणतो), त्यांचा मुलगा दिगंबरदादा आणि त्याची बायको मीरावहिनी, एवढी माणसं. दादा सकाळी शेतात जातो तो दिवेलागणीला येतो, त्यामुळे तो या हकिगतीत फारसा नाही.

मला अर्थातच स्लॅबची खोली दिली होती. दार उघडलं आणि मी उंबऱ्यावरच थांबले. अर्धी खोली कापसानं भरलेली होती. भिंतीला टेकून छातीएवढा उंच ढीग, पांढराशुभ्र, मधूनमधून वाळक्या पानांचा चुरा. चांगला भाव येईपर्यंत कापूस घरातल्या सगळ्यांत कोरड्या, सगळ्यांत चांगल्या खोलीत ठेवायचा, आणि पाहुण्यालाही घरातली सगळ्यांत चांगली खोली द्यायची, ही तिकडची रीत. दोन्ही रीती एकाच खोलीत येऊन बसल्या होत्या. ढिगाला अगदी लागून माझी खाट. खाटेवर तीन गोधड्या. कोपऱ्यात वाटीत ऊद जळत होता. खोली शुद्ध व्हावी म्हणून.

‘‘गावात इतकी ऊबदार खोली कुणाची न्हाई,’’ आत्या म्हणाली. ‘‘पड जरा. दमून आली असशील.’’

आई असती तर दारातूनच मागे फिरली असती. मी म्हणाले, ‘‘छान आहे.’’

आणि पडले. कापसाला तेलकट, उन्हासारखा एक वास असतो, तो आधी आवडला. मग घशात खवखवलं. मग ते ओळखीचं सुरू झालं. ज्यांना हे होत नाही त्यांना वाटतं की दम्यात श्वास घेता येत नाही. श्वास आत जातो. बाहेर सोडताना अडतो. जुनी हवा छातीत साठत जाते आणि नवीला जागा राहत नाही. मी उठून बसले, गुडघ्यांवर हात टेकले. पंप पिशवीच्या तळाशी होता, कपड्यांखाली, कारण मी तो लपवून आणला होता. तो शोधण्यात गेलेला वेळ मला फार मोठा वाटला.

आत्या चहा घेऊन आली तेव्हा माझे खांदे वरखाली होत होते आणि तोंडात पंप होता.

तिनं कपबशी खिडकीत ठेवली, मला दंडाला धरून ओसरीवर आणलं, खांबाला टेकवून बसवलं. बोलण्याजोगी झाले तेव्हा म्हणाली, ‘‘आत पाय ठेवतानाच त्रास व्हनार हे माहीत होतं ना तुला?’’

मी मान हलवली.

‘‘मंग इतका वेळ गप कशाला बसलीस?’’

‘‘तुम्ही एवढं केलं होतं...’’

‘‘केलं म्हून काय झालं? मी काय तुझ्या छातीत बसून राह्यले का, मला कळायला?’’

तिनं हाका मारल्या आणि अर्ध्या तासात शेजारचे दोघं, मामा आणि वहिनी चादरींची गाठोडी करून कापूस बाहेर काढत होते. मी चुलीपासून लांब, ओसरीच्या टोकाला पाय पोटाशी घेऊन बसले होते. शरमेनं मान वर होत नव्हती. कापूस कुठं नेताहेत, हे मी विचारलं नाही. पहिला दिवसही संपला नव्हता आणि मी हरले होते.

ओल्या फडक्याचे दिवस

पण हरल्यावर एक सोय होते. लपवायचं काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला, जमिनीकडे बघत, पण सगळं सांगितलं. झाडण्याआधी पाणी शिंपडायचं. भिंती कोरड्या कुंच्यानं नाही, ओल्या फडक्यानं पुसायच्या. गोधड्या रोज उन्हात. डासांची कॉइल नको, मच्छरदाणी चालेल. ऊद देवापाशी लावा, माझ्या खोलीत नको.

मामा ओसरीवर तंबाखू मळत ऐकत होते. ‘‘पुण्यात धूळ न्हाई का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आहे.’’

‘‘मंग ती चालती का तुला? का तिला पास देलाय?’’

आत्या हसली, वहिनीही पदराआड हसली. मीसुद्धा.

आत्यानं मात्र माझे नियम सरकारी हुकमासारखे राबवले. तळहातावर तंबाखू झटकताना मामांना अंगणात हाकललं. मिरच्या तव्यावर टाकायच्या आधी गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, ‘‘अनू, भाईर हो, खकाणा उठल!’’ मी वाटी घेऊन अंगणात पळायची. मग तोच ठेचा ज्वारीच्या गरम भाकरीवर, वर कच्चं तेल. आमच्या घरी मिरचीला इतकं भितात की ठेचा ताटात येतच नाही. त्रास भाजतानाच्या धुराचा, खाण्याचा नाही, हे मला एकविसाव्या वर्षी हसनाबादला कळलं.

बघायला येणाऱ्या बायका रोज एक औषध सांगून जायच्या. मी ऐकून घ्यायची. पंप मात्र आता ओसरीतल्या कोनाड्यात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता.

गफ्फारचाचा

तिसऱ्या दिवशी पिंजारी आला. पाहुणी येणार म्हणून आत्यानं आधीच नव्या गादीचं सांगून ठेवलं होतं. गफ्फारचाचा साठीचे, बारीक, खांद्यावर कापूस पिंजायचं मोठं धनुष्य. मी लगेच उठून मागच्या दारी निघाले. आत्यानं त्यांना माझ्या दम्याचं सांगितलंच होतं.

‘‘थांब बेटी,’’ चाचा म्हणाले. ‘‘घाई नको. मला आधी हवा बघू दे.’’

त्यांनी चिमूटभर कापूस हातात घेऊन सोडला. तो ओसरीच्या दिशेनं तरंगत गेला. त्यांनी मान हलवली, सामान उचललं आणि अंगण ओलांडून पार पलीकडे, गोठ्याच्या बाजूला नेलं. पुन्हा चिमूट सोडली. आता ती रानाकडे गेली. मग वाऱ्याकडे पाठ करून बसले, रुमाल तांब्यात बुडवून पिळला आणि नाकातोंडावर बांधला.

‘‘आता बस तिथंच. एक तंतू आला तर मला बोल.’’

धनुष्याच्या तांतीचा टणत्कार सुरू झाला. कापूस ढगासारखा फुलून रानाकडे उडत होता आणि माझ्याकडे खरंच काही आलं नाही.

चहाला रुमाल खाली केला तेव्हा मी विचारलं, हे कुणी शिकवलं.

‘‘वालिदनं. म्हंजे शिकवलं न्हाई, बघून शिकलो. ते दार लावून घरात पिंजायचे, कापूस उडून जाऊ नये म्हून. छातीच गेली त्यांची.’’ त्यांनी बशीत चहा ओतला. ‘‘हवा किधरसे आती, ते पहले बघायचं. मंग बसायचं. आन् गिऱ्हाईक लई घासाघीस करून राह्यलं ना, की त्याला वाऱ्याखाली बसवायचं. बराबर भाव पटतो, जल्दी!’’

गादी सुरेख झाली. ती मी वापरणार नव्हते हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ती मन लावून शिवली.

चौथ्या दिवशी शेतात हुरडा खायला गेलो तेव्हा त्यांची युक्ती माझ्या कामी आली. गोवऱ्यांची आगटी पेटली होती. मी ज्वारीचं एक वाळकं पान तोडून सोडलं, वारा बघितला आणि वरच्या अंगाला बसले. हिरवा, दुधाळ, गरम हुरडा, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. तो पुण्याला पोचेपर्यंत तसा राहूच शकत नाही. कणसं भाजायला वहिनी होती. ती धुरातच बसली होती. भाजणाऱ्याला वारा निवडता येत नाही. मधेच ती उठून विहिरीमागे गेली आणि बराच वेळ खोकली.

‘‘चुलीशी बसणारीला खोकला असायचाच,’’ आत्या म्हणाली आणि कणीस चोळत राहिली.

राजूरच्या पायऱ्या

पाचव्या दिवशी वहिनी आणि मी राजूरला गणपतीला गेलो. काळ्यापिवळ्या जीपमध्ये पुढच्या गाडीची सगळी धूळ आत येत होती. मी ओढणी ओली करून नाकावर बांधली. वहिनीनं ते बघितलं आणि थोड्या वेळानं पदर नाकाशी धरला.

देऊळ उंचावर आहे. मला वाटलं होतं, पायऱ्यांवर मी थांबेन. थांबली वहिनी. अर्ध्यात तिनं कठड्याला हात टेकला. तोंड किंचित उघडं, खांदे वर. मी शेजारी उभी राहिले आणि मला तिच्या छातीतली शिटी ऐकू आली. बारीक, श्वास सोडतानाची. तो आवाज मला दुसऱ्या कुणाच्या छातीतून कधी ऐकू आला नव्हता. पण ओळखायला वेळ लागला नाही.

तिला पायरीवर बसवलं. पुढे वाकून बसायला सांगितलं, ओठांनी हळूहळू श्वास सोडायला सांगितलं. बऱ्याच वेळानं ती निवली.

‘‘कधीपासून होतंय?’’

‘‘पायऱ्यांनी झालं, वन्सं.’’

‘‘वहिनी.’’

ती खालच्या प्रसादाच्या दुकानांकडे बघत राहिली. ‘‘तीन वर्स झाले. चुलीपाशी व्हतं. कापूस घरात आला की जास्ती.’’ मग, तक्रार नाही, नुसती माहिती द्यावी तशी म्हणाली, ‘‘या चार दिवसांत लई झालं. तुमच्या खोलीतला समदा कापूस आमच्या खोलीत हाये ना.’’

मी ओसरीवर मान खाली घालून बसले होते, आणि गाठोडी माझ्यासमोरून तिच्या खोलीत गेली होती. त्यातलं एक तिच्याच डोक्यावर होतं.

‘‘तुम्ही सांगितलं का नाही?’’

‘‘कसं सांगू? तुमी पाव्हण्या. आठ दिवसांनी जाताल. मला तिथंच राह्यचंय. म्हनतील, दमेकरी पोरगी लपवून गळ्यात बांधली. माझ्या आईपर्यंत जातील.’’

पण एक गोष्ट मला ठाऊक होती: हे कुणाला सांगायला जावं. दर्शन घेतलं, गाभाऱ्यात धुपाची गर्दी होती म्हणून बाहेरूनच, आणि दुकानांच्या मागच्या दवाखान्यात गेलो. वहिनी बाकावरच्या बायकांना म्हणाली, ‘‘वन्संला दाखवायचंय.’’ आत गेल्यावर मी तिला स्टुलावर बसवलं.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, दोनदा ऐकलं. ‘‘दमाच आहे,’’ ते म्हणाले. पंप लिहून दिला, कसा ओढायचा ते करून दाखवलं. ‘‘पण नुसत्या पंपावर भागणार नाही. कापूस झोपायच्या खोलीत नको. चुलीचा धूर बाहेर जायला वाट हवी.’’

‘‘माळवदाला सानं हाये, धुराचं भोक,’’ वहिनी म्हणाली. ‘‘मांजर उतरती म्हून त्याच्यावर फरशी ठेवलीय.’’

‘‘मग मांजरीला उतरू द्या,’’ डॉक्टर म्हणाले.

ओसरीवर

परत येताना जीपमध्ये मी एकच विचार करत होते. वहिनीचं नाव न घेता कापूस कसा हलवायचा? उपाय एकच होता आणि तो मला महाग पडणार होता.

संध्याकाळी सगळे ओसरीवर असताना मी म्हणाले, ‘‘मला अजून त्रास होतोय. शेजारच्या खोलीतल्या कापसाचा. आणि चुलीच्या धुराचा.’’

मामांचा हात तंबाखूवर थांबला. ‘‘भिंत हाये की मधी.’’

‘‘तरी होतो.’’ मी वर बघूनच बोलले.

‘‘मंग तुझ्या बापाला फोन लावतो,’’ ते म्हणाले. रागानं नाही, काळजीनं. ‘‘पोरगी आजारी पडून राह्यली आन् सांगितलं न्हाई, असं नको.’’

हेच मला टाळायचं होतं. टेबलावरचा अर्ज डोळ्यांसमोर आला. उघड्या दारातून वहिनी आत चुलीशी पाठमोरी बसलेली दिसत होती. तिचा हात परातीत थांबला होता.

‘‘लावा,’’ मी म्हणाले. ‘‘पण कापूस हलवा.’’

मामा स्टँडवरच्या एसटीडी बूथवर जाऊन आले. ‘‘तो म्हनला, परत आली की बोलू.’’ एवढंच. आमच्या घरात त्या वाक्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो.

दुसऱ्या दिवशी कापूस बैलगाडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला, खाली फळ्या, वर ताडपत्री. दादानं माळवदावर चढून सान्यावरची फरशी काढली. चुलीवरून धूर सरळ उभा वर गेला आणि त्या चौकोनातून आत उन्हाचा एक पट्टा आला. आत्या तो बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘‘आता दिसतंय तरी, भाजीत काय पडतं ते,’’ म्हणाली. सातव्या दिवशी सकाळी वहिनीच्या खोलीतून खोकला ऐकू आला नाही. मी कान देऊन ऐकत होते.

निघाले ती सकाळ

पिशवी ओसरीवर आणून ठेवली. मामा शेडकडून हात झटकत आले.

‘‘आता अनू चालली. आज कापूस आत घेऊ. दवानं भिजून राह्यला बाहीर.’’

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी माझं दुखणं पुढे केलं होतं, आणि ते माझ्याबरोबरच पुण्याला निघालं होतं. आता काय सांगू? मी तोंड उघडलं, पण त्याआधीच आतून आवाज आला.

‘‘कापूस आत नको.’’

वहिनी दारात आली होती. हाताला ज्वारीचं पीठ तसंच.

‘‘का गं?’’ मामा म्हणाले.

‘‘मला त्रास व्हतो. वन्संला व्हतो तोच. राजूरला डाक्टरनी तपासलं मला. दमा हाये म्हनले.’’

आत्या म्हणाली, ‘‘तुझ्या आईनं कधी सांगितलं न्हाई.’’

‘‘लग्नात नव्हताच, तर काय सांगल? याच घरात, चुलीपाशी सुरू झाला.’’

आत्याचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे वळली. ‘‘म्हंजे दोघी मिळून डाक्टरकडं गेल्त्या. मला न सांगता.’’ पुन्हा वहिनीकडे. ‘‘मंग इतके दिवस गप कशाला बसलीस?’’

‘‘वन्सं पण बसल्त्या,’’ वहिनी म्हणाली. ‘‘त्यांना एक दुपार पुरली. मला तीन वर्स लागले.’’

मामांनी शेडकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. मग खांद्यावरचा टॉवेल झटकायला उचलला, आमच्या दोघींकडे पाहिलं आणि तो झटकायला अंगणाच्या पार त्या टोकाला गेले. तिथूनच म्हणाले, ‘‘आणखी एक ताडपत्री लागंल.’’

स्टँडपर्यंत आत्या माझ्याशी एक शब्द बोलली नाही. एसटी आली तेव्हा चटणीची पुडी हातात कोंबली आणि म्हणाली, ‘‘तिला बी तुझ्यावानी पंप लागंल. जालन्यात मिळतो ना बराबर? चिठ्ठीवर नीट लिहून दे. दिगंबरला आजच धाडते.’’ मी तिकिटाच्या मागे लिहून दिलं.

पुण्यात बाबांनी जेवण होऊ दिलं. मग मला टेबलाशी बोलावलं; अर्ज पेपरवेटखाली तसाच होता.

‘‘किती वेळा झालं?’’

‘‘एकदा. पहिल्याच दुपारी.’’

‘‘आणि फोन आला तेव्हा?’’

‘‘तेव्हा मला काही झालं नव्हतं.’’ मग मी सगळं सांगितलं. कापूस, पायऱ्या, सानं, वहिनी. एका दमात सांगितलं.

‘‘हॉस्टेलच्या गाद्या कसल्या असतील कोण जाणे,’’ आई म्हणाली. ‘‘तिथं कोण बघणार?’’

‘‘उन्हात टाकीन. खोलीतल्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगेन.’’

बाबांनी पेपरवेट बाजूला सरकवला.

‘‘पेन आण,’’ ते म्हणाले.